रास्पबेरीच्या बियांचं तेल म्हणजे सनस्क्रीन नव्हे

माझी दादरची मामेबहीण ऐन मे महिन्यात सनस्क्रीनऐवजी रास्पबेरीच्या बियांचं तेल चोपडून जुहू चौपाटीवर गेली. ‘यात २८ ते ५० एसपीएफ असतो गं!’ संध्याकाळी तोंड लालबुंद, आणि चष्म्याच्या काड्यांखाली तेवढ्या दोन फिकट रेघा.

एसपीएफ म्हणजे उन्हाने त्वचा भाजण्यापासून किती बचाव होतो त्याचं माप. २८ ते ५० हा आकडा बरीच वर्षं फिरतोय. त्याचं मूळ २००० सालच्या एका कॅनेडियन शोधनिबंधात आहे. संशोधकांनी तेलातून अतिनील किरण किती आरपार जातात ते प्रयोगशाळेत मोजलं आणि त्याची तुलना सनस्क्रीनमध्ये वापरतात त्या टायटॅनियम डायऑक्साइडशी केली. बस्स. माणसाच्या त्वचेवर एसपीएफ कुणी मोजलाच नव्हता! ती चाचणी त्वचेवर दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर देऊन करतात.

तेल वाईट नाही हं. निम्म्याच्या आसपास लिनोलेइक आम्ल (एक मेदाम्ल), शिवाय व्हिटॅमिन ई. कोरडी त्वचा मऊ होते, ओलावा टिकतो. दिवसभर एसीत बसणाऱ्यांनी रात्री दोन थेंब जरूर लावावेत. पण ते लवकर खवट होतं, मुंबईच्या उकाड्यात तर जास्तच. जुन्या जवसाच्या तेलासारखा वास आला की बाटली फेकायची. उन्हात मात्र सनस्क्रीनच, आणि घाम पुसला की पुन्हा.