दुर्बिणीचं ऑपरेशन आणि रोबोटिक ऑपरेशन: फरक नेमका कुठे?

रोबोटिक म्हटलं की यंत्रच आपलं आपण कापतं-शिवतं, असं अनेकांना वाटतं. हॉस्पिटलांच्या जाहिरातीही तो समज दूर करायच्या फंदात पडत नाहीत. प्रत्यक्षात सर्जनचा हात हलला तरच रोबोटचा हात हलतो.

पोटाच्या ऑपरेशनमध्ये सुरुवात दोन्हीकडे सारखीच. छोटी छिद्रं पाडायची, पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करायची, मग कॅमेरा आणि हत्यारं आत. हा वायू पेटत नाही, म्हणून आत कॉटरी (विजेच्या उष्णतेने कापायचं आणि रक्त थांबवायचं हत्यार) वापरता येते. आणि रक्तात विरघळून तो श्वासावाटे बाहेर पडतो. ऑपरेशननंतर खांदा दुखतो तोही बऱ्याचदा त्याच्यामुळेच.

खरा फरक सर्जनच्या हाताचा. लॅप्रोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये, सर्जन टेबलाशी उभे असतात, हातात लांब सरळ दांड्याची हत्यारं. छिद्र टेकूचं काम करतं, त्यामुळे हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे जातं. टोकाला मनगटासारखा वळणारा सांधा नसतो. असा उलटा हात चालवत आत टाके घालणं शिकायला वर्षं जातात. तरी १९८५मध्ये जर्मनीत एरिक म्यूहे यांनी याच पद्धतीने पित्ताशय काढलं, आणि १९९०मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी.

रोबोटिकमध्ये सर्जन थोडं दूर कन्सोलवर, म्हणजे रोबोट चालवायच्या टेबलावर, बसतात. चित्र त्रिमितीय, हत्याराला मनगट, हाताचा कंप गाळलेला. अमेरिकेत 'दा विंची' या रोबोटला २०००मध्ये मंजुरी मिळाली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या सर्जननी, दुसऱ्या एका रोबोटने, फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या पेशंटचं पित्ताशय काढलं. उणीव स्पर्शाची: दोरा किती ताणला गेला, हे बहुतेक रोबोटांवर डोळ्यांनीच ओळखावं लागतं.

मग जास्तीचे पैसे कधी मोजायचे? प्रोस्टेट काढून मूत्राशय पुन्हा मूत्रमार्गाला जोडायचा असेल, तर ओटीपोटातल्या त्या अरुंद जागेत मनगट कामी येतं. साध्या पित्ताशयासाठी मला तरी तो खर्च पटत नाही. 'रोबोट आहे का?' यापेक्षा 'हे ऑपरेशन तुम्ही किती केलीत?' हा प्रश्न जास्त उपयोगाचा.

आणि रोबोट असला तरी पेशंटजवळ एक डॉक्टर लागतातच. हत्यारं तेच बदलतात, आणि रक्तस्राव आवरेना, पोट उघडावं लागलं, तर आधी रोबोटचे हात सोडवून बाजूला करायची घाई त्यांचीच.