प्रॉम्प्टला रंग द्या, पण धडा करून

परवा अमळनेरला भाच्याच्या लॅपटॉपवर एक प्रकार पाहिला. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, तो लांबलचक आज्ञा टाइप करत होता, आणि ओळ खाली उतरण्याऐवजी त्याच ओळीच्या सुरुवातीला येऊन आधीची अक्षरं खात होती. "मामा, हाई काय व्हयनं?" दुरुस्तीवाल्यानं व्हायरस म्हणून सांगितलं होतं, फॉरमॅट मारायला निघाला होता. कळलं नाही की व्हायरस, ही आपल्याकडची नवी भूतबाधाच झाली आहे. खरं कारण एवढंच, की पोरानं आदल्या रात्री प्रॉम्प्ट हिरवा केला होता.

टाइप केलेल्या आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम म्हणजे शेल. आज्ञेची वाट बघताना तो जी खूण दाखवतो ती प्रॉम्प्ट. ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेल्या, १९८९ मध्ये आलेल्या बॅश या शेलमध्ये तिचा मजकूर पीएस-वन नावाच्या व्हेरिएबलमध्ये असतो. त्यात वापरकर्ता, यंत्राचं नाव, चालू फोल्डर, घड्याळ, हवं ते घालता येतं.

गंमत रंगाची आहे. शेल अक्षरं पाठवतो, ती पडद्यावर काढतो टर्मिनल. हे दोन वेगळे प्रोग्रॅम. रंगाचा हुकूमही त्याच रांगेतून जातो: एस्केप (कोड २७), चौकोनी कंस, ३, २, एम. ही ५ अक्षरं झाली, पडद्यावर एकही दिसत नाही. रंग परत घालवायला आणखी ४. कर्सर कुठे आहे हे शेलला दिसत नाही, तो नुसता मोजत राहतो, आणि ही ९ अदृश्य अक्षरंही मोजून बसतो. ८० घरांच्या ओळीत तुम्ही ७१व्या घरात असता, शेल समजतो ओळ भरली. टर्मिनल खाली उतरलाच असेल असं धरून तो कर्सर ओळीच्या आरंभी नेतो. टर्मिनल तर अजून वरच आहे! मग अक्षरावर अक्षर चढतं.

जळगावच्या बाजारात भरताची वांगी तोलण्याआधी रिकाम्या टोपलीचा धडा करतात ना, म्हणजे तिचं वजन मापातून वगळतात, तोच उपाय इथे. रंगाच्या प्रत्येक कोडाआधी \[ आणि नंतर \] लिहायचं: एवढं मापात धरू नकोस.

दोन्ही कोडांना ते कंस घातले, प्रॉम्प्टचा मजकूर असलेली फाइल सेव्ह केली, नवी खिडकी उघडली. ओळ निमूट खाली गेली. मग त्याच्याकडून आणखी एक करून घेतलं. तो कॉलेजच्या सर्व्हरवरही दुरून काम करतो. तिथल्या त्याच्या खात्यात यंत्राचं नाव लाल केलं, म्हणजे फाइल पुसण्याआधी आपण कुठे बसलोय ते डोळ्यांत भरेल.