लेमिंक्सला कोड द्यायचाय, पण ईसीएची लाल फुली जात नाही?

व्हीएस कोड या एडिटरमध्ये रेड हॅटचं एक्सएमएल एक्स्टेन्शन वापरत असाल, तर त्यामागे राबणारा सर्व्हर म्हणजे जावात लिहिलेला एक्लिप्स लेमिंक्स. चुकलेलं ॲट्रिब्यूट एका क्लिकमध्ये दुरुस्त करणारी कोड ॲक्शन त्यात घालणं जावा येणाऱ्याला जमण्यासारखं आहे. तीच मूळ प्रकल्पात द्यायला गेलं की पुल रिक्वेस्टवर, म्हणजे कोड घेण्याच्या विनंतीवर, ईसीएची (कोड देणाऱ्याने सही करायच्या कराराची) लाल फुली येते आणि लोक तिथेच नाद सोडतात. चांगला कोड असा पडून राहिलेला पाहून वाईट वाटतं, म्हणून हे लिहितोय.

आधी बघा, या कराराची गरज आहे का? सोय तुमच्या ऑफिसच्या स्कीमापुरतीच (एक्सएमएलच्या नियमांच्या फाइलपुरतीच) हवी असेल, तर नाही. वेगळी जार, म्हणजे जावा कोडची बांधलेली फाइल, बनवा. त्यात आयएक्सएमएलएक्स्टेन्शन हा इंटरफेस राबवणारा क्लास हवा आणि त्याच्या स्टार्ट मेथडमध्ये कोड ॲक्शनची नोंदणी. मेटा-इन्फच्या सर्व्हिसेस फोल्डरात इंटरफेसच्या पूर्ण नावाची फाइल ठेवा, फाइलमध्ये तुमच्या क्लासचं पूर्ण नाव लिहा. ही फाइल विसरलात तर एररही येत नाही, नुसतं काहीच घडत नाही. दोन-दोन दिवस यात जातात. मग जारचा पत्ता सेटिंगमध्ये द्या. बायनरी सर्व्हर (जावाशिवाय चालणारा तयार सर्व्हर) चालू असेल तर तो ही जार उचलणार नाही. मशीनवर जावा हवी आणि सर्व्हरही जावाचाच.

सोय सगळ्यांच्या उपयोगाची असेल तर मात्र एक्लिप्स काँट्रिब्यूटर ॲग्रीमेंट, म्हणजे ईसीए, लागतं. पदवी, सदस्यत्व, शुल्क यातलं काही मागत नाहीत. एक्लिप्स फाउंडेशनच्या साइटवर खातं उघडा, करार वाचा, ऑनलाइन सही करा. कोड ईपीएल 2.0 (एक्लिप्स पब्लिक लायसन्स) परवान्याखाली जाईल.

सही करूनही फुली राहते, आणि बहुतेक वेळा कारण ईमेलचं असतं. तपासणी प्रत्येक कमिटच्या, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेल्या बदलाच्या, लेखकाचा ईमेल बघते. खातं घरच्या ईमेलवर आणि गिटमध्ये ऑफिसचा ईमेल, असं असेल तर तिच्या लेखी तुम्ही सही केलेलीच नाही. गिटहबवर ईमेल लपवला असेल, तर एक्लिप्सच्या प्रोफाइलमध्ये गिटहबचं नाव जोडा. नाहीतर गिटमधला ईमेल बदला, कमिट रीसेट-ऑथर पर्यायाने अमेंड करा (म्हणजे तेच कमिट नव्या ईमेलने पुन्हा लिहा) आणि जुन्याच्या जागी फोर्स पुश करा. नुसतं नवं कमिट वर चढवून भागत नाही, जुनं तसंच राहतं आणि फुलीही. हे त्या लाल खुणेशेजारी सोप्या शब्दांत लिहायला काय हरकत आहे, मला आजवर कळलेलं नाही.

दुसरी अडचण कागदाची, आणि तो कागद कुणाकडेच नसतो. ईसीएवर सही करताना तुम्ही सांगता की हा कोड द्यायचा हक्क मला आहे. भारतात 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीच्या ओघात केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. कित्येक नेमणूकपत्रांतली कलमं याहून पुढे जातात, घरी लिहिलेलं कामही त्यात ओढतात. तेव्हा कृपा करून आपलं पत्र काढून वाचा आणि मॅनेजरकडून निदान ईमेलवर लेखी होकार घ्या. एक्लिप्स तो मागणार नाही. तो तुमच्यासाठी आहे, नोकरी तुमची आहे.

तिसरं, मुदत. ही सही कायमची नसते, तीन वर्षांनी संपते. ‘मागे केली होती की’ म्हणणाऱ्यांनी आधी खात्यात तारीख बघावी.

बाकी नेहमीचं: नव्या फाइलवर परवान्याचा हेडर, सोबत टेस्ट, मेव्हन या बिल्डच्या साधनाचा बिल्ड हिरवा. मोठा बदल असेल तर कोड लिहिण्याआधी इश्यू उघडून विचारा; नको असलेली सोय महिनाभर खपून बनवलेली मी पाहिली आहे.