उन्हाची संथ वीज आणि गाडीच्या बॅटरीचे आयुष्य

फोंड्याहून पणजीला रोज जाऊन-येऊन सुमारे 60 किलोमीटर होतात. विजेवर चालणारी लहान मोटार त्यासाठी, चार्जिंगमधली गळती धरून, 8 ते 9 युनिट घेते. आमच्या गच्चीवरचे 3 किलोवॅटचे सौर पॅनेल एप्रिलमध्ये दिवसाला 12 ते 13 युनिट देतात. जुलैत झड लागली की जेमतेम 5 किंवा 6. सौर चार्जिंगचा विषय निघाला की बोलणे बहुधा या बचतीच्या हिशेबापाशीच थांबते. पण इतकी वर्षे गाडी वापरल्यावर मला त्याहून मोलाची वाटते ती गोष्ट वेगळी आहे: छपरावरच्या उन्हाने गाडी ज्या पद्धतीने चार्ज होते, म्हणजे संथपणे आणि थोडी थोडी, तीच पद्धत बॅटरीला मानवते.

लिथियम-आयन बॅटरी चार्ज होताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात आणि गाडी चालताना तेथून परततात. ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोलाइटच्या, म्हणजे बॅटरीतल्या आयन वाहून नेणाऱ्या द्रावाच्या, विघटनातून एक पातळ पापुद्रा तयार होतो. तो संरक्षक असतो, परंतु वर्षानुवर्षे जाड होत जातो आणि त्यात अडकलेले लिथियम पुन्हा कामाला येत नाही. ही झीज गाडी नुसती उभी असतानाही चालूच राहते, आणि बॅटरी पूर्ण भरलेली व तापलेली असली की तिचा वेग वाढतो. त्यामुळे मे महिन्याच्या उन्हात 100 टक्के भरलेली गाडी दिवसभर उघड्यावर ठेवणे हे पुष्कळ किलोमीटर चालवण्यापेक्षाही वाईट ठरू शकते. निकेल-मँगनीज-कोबाल्टची बॅटरी (लिथियम-आयनचा एक प्रकार) एरवी 80 टक्क्यांपर्यंतच भरावी असे सांगतात, ते यासाठीच. लोह-फॉस्फेटच्या, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या, बॅटरीत मात्र व्होल्टेज बराच काळ जवळजवळ सारखेच राहते आणि त्यावरून शिल्लक चार्ज ओळखणे कठीण जाते, म्हणून ती अधूनमधून पूर्ण भरावी लागते.

30 युनिट क्षमतेच्या बॅटरीला घरचा 3 किलोवॅटचा चार्जर तासाला तिच्या दहाव्या हिश्शाइतकीच वीज देतो, त्यामुळे ती फारशी तापत नाही. अडचण आहे ती वेळेची. ऊन असते तेव्हा गाडी पणजीत असते. येथे नेट मीटरिंग उपयोगी पडते: दिवसाची जास्तीची वीज ग्रीडला, म्हणजे सार्वजनिक वीजजाळ्याला, जाते आणि रात्री घेतलेल्या विजेतून वजा होते. प्रवासाहून आलेली गाडी मी लगेच चार्जिंगला लावत नाही. निवलेली बॅटरी पहाटे, निघण्याच्या थोडी आधी, हवी तेवढी भरेल अशी वेळ लावून ठेवतो. रविवारी गाडी घरीच असते तेव्हा थेट उन्हावर भरता येते, मात्र चार्जरला किमान 6 अँपिअर, म्हणजे सुमारे 1.4 किलोवॅट लागतात. ढग आला की तेवढी वीज पॅनेलकडून मिळत नाही आणि उरलेली ग्रीडमधून येते.

एका मे महिन्यात चार्जरवर लाल दिवा लागला आणि गाडी वीजच घेईना. वायरमनने अर्थिंगच्या खड्ड्याचे झाकण उचलले, तर आतले मीठ आणि कोळसा ठणठणीत कोरडे पडले होते. दोन घागरी पाणी ओतले आणि पाऊण तासाने दिवा हिरवा झाला. आपल्याकडच्या चिऱ्याच्या जमिनीत पाणी टिकत नाही. उन्हाळ्यात ती सुकली की तिचा विद्युतरोध वाढतो आणि अर्थिंग कमकुवत झाल्याचे दिसताच चार्जर, योग्य तेच करून, वीज रोखतो. नंतर आम्ही दुसरा इलेक्ट्रोड, म्हणजे अर्थिंगसाठी जमिनीत पुरायचा धातूचा भाग, अधिक खोल पुरून पहिल्याला जोडून घेतला. गाडी घेणाऱ्या प्रत्येकाला मी आधी अर्थिंग मोजून घ्यायला सांगतो, आणि तेही पावसात नव्हे, मे महिन्यात.

पावसाळ्याचा प्रश्न निराळा आहे. माडाचे झावळ तारेवर पडून वीज गेली की ग्रीडला जोडलेला सौर इन्व्हर्टरही (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणारे यंत्र) बंद होतो, कारण तो चालू राहिला तर तारेवर काम करणाऱ्या लाइनमनला झटका बसू शकतो. म्हणजे ढगांआडून ऊन डोकावले तरी, वेगळी साठवण बॅटरी नसेल तर, गाडीला काही मिळत नाही. त्यामुळे जून ते सप्टेंबर मी बॅटरी 40 टक्क्यांच्या खाली उतरू देत नाही.