एक मायक्रॉनची भाऊबंदकी

समुद्राचं पाणी हिरवट दिसलं की बातमीत ‘शेवाळ वाढलं’ एवढं एक वाक्य येतं आणि विषय संपतो. शेवाळ म्हणजे विहिरीच्या पायरीवरचा बुळबुळीत थर, सगळा एकसारखा, अशी आपली समजूत. त्यातून ते डोळ्यांना न दिसणारं, एकपेशीय असेल तर बोलायलाच नको. एकीच्या दोन, दोनाच्या चार, सगळ्या एकमेकींच्या हुबेहूब नकला! ही समजूत किती चुकीची आहे हे दाखवणारा एक हिरवा जीव फ्रान्समध्ये, कालवांच्या शेतीशेजारी सापडला.

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर सेत गावाजवळ थो नावाचं खाऱ्या पाण्याचं उथळ सरोवर आहे. वाळूचा चिंचोळा पट्टा त्याला भूमध्य समुद्रापासून वेगळं करतो आणि आत कालवांची मोठी शेती चालते. तिथलं पाणी संशोधकांनी फ्लो सायटोमीटरमधून सोडलं. हे यंत्र पेशींना एकामागून एक लेझरसमोरून नेतं. कुणी किती प्रकाश विखुरला, कुणाचं हरितद्रव्य किती लाल चमकलं, याची नोंद ठेवतं. त्या नोंदींत ठिपक्यांचा एक घोळका विचित्र होता. हरितद्रव्य तर होतं, पण आकार जिवाणूएवढा. १९९४ साली ही बातमी जाहीर झाली आणि पुढे त्या जिवाला ऑस्ट्रिओकॉकस टॉरी हे नाव मिळालं. स्वतंत्र जगणाऱ्या दृश्यकेंद्रकी (पेशीत वेगळं केंद्रक असलेल्या) जिवांतला हा सर्वांत लहान. पेशी जेमतेम ०.८ मायक्रॉनची, म्हणजे एका मिलिमीटरच्या रेघेवर हजाराहून जास्त बसतील.

एवढ्याशा जागेत केंद्रक आहे, एक हरितलवक आहे, एक तंतुकणिका आहे, एक गॉल्जी पिंड आहे. जे काही आहे ते एकेकच. पेशीभित्तिका नाही, पोहायला शेपटी नाही. २००६ साली त्याचा सगळा डीएनए वाचून झाला. सुमारे सव्वा कोटी अक्षरं (ए, टी, जी, सी या चार घटकांची), २० गुणसूत्रं आणि जनुकं आठ हजारांच्या आसपास. आपल्याकडे ३०० कोटी अक्षरं आहेत आणि प्रथिनं बनवणारी जनुकं साधारण वीस हजार! कालवं पाणी गाळून खातात, पण इतक्या बारीक पेशी त्या गाळणीतून बऱ्याचशा निसटतात. त्यामुळे कालवांच्या शेजारात हा जीव आनंदाने नांदतो.

इथे एक गोष्ट बोलून टाकतो, कारण समुद्री शैवालांचा विषय निघाला की ‘तुमचा प्रत्येक दुसरा श्वास समुद्र देतो’ हा संदेश फिरू लागतो. पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणातला जवळपास निम्मा वाटा समुद्राचा आहे, हे खरं. पण तिथे तयार झालेला जवळजवळ सगळा ऑक्सिजन तिथलेच जिवाणू आणि प्राणी वापरून टाकतात. आपण श्वासात घेतो तो हवेतला साठा कोट्यवधी वर्षांत जमलेला आहे. शैवालांचं महत्त्व पटवायला असल्या वाक्यांची गरज नाही, आणि त्यांच्या नावाखाली हिरव्या पुड्या विकणाऱ्यांना तर हे वाक्य मुळीच वापरू देऊ नये.

तर, टॉरीचे चुलतभाऊ बरेच आहेत. मायक्रोमोनास हा त्यातला जुना ओळखीचा. त्याला एक शेपटी असते आणि तो चपळ पोहतो. १९६० साली आयरीन मँटन आणि मेरी पार्क यांनी त्याचं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालचं वर्णन दिलं, आणि पुढची कित्येक दशकं जगभरच्या पाण्यात दिसणाऱ्या या जिवाला एकच नाव होतं, मायक्रोमोनास पुसिला. उत्तर ध्रुवाजवळ तोच, भूमध्य समुद्रातही तोच. २००९ साली यातल्या दोन वाणांचे जीनोम (सगळा डीएनए) शेजारी ठेवून पाहिले (वाण म्हणजे इथे पाण्यातून वेगळ्या काढलेल्या एकेका पेशीचा वाढवलेला वंश), तर दोघांत सामाईक जनुकं फक्त ९० टक्के निघाली. सूक्ष्मदर्शकाखाली सख्खे भाऊ वाटणारे हे दोघे प्रत्यक्षात फार पूर्वीच वेगळे झाले होते. २०१७ मध्ये त्यांची रीतसर वेगळी नावं पडली. त्यांतला मायक्रोमोनास पोलॅरिस हा आर्क्टिकच्या थंड पाण्याचा रहिवासी.

कोण कुठे राहतो हे आता पाणी गाळून, त्यातल्या सगळ्या जिवांचा मिळून डीएनए काढून ठरवतात. सगळा डीएनए वाचणं महाग, म्हणून ‘१८एस’ या एका जनुकाचा तुकडा वाचायचा आणि त्यावरून जीव ओळखायचा. २१ जून २०१४ रोजी अनेक देशांच्या किनाऱ्यांवर एकाच दिवशी असं पाणी गोळा केलं गेलं. त्यातल्या हिरव्या शैवालांमध्ये टॉरी आणि मायक्रोमोनास यांच्याच वर्गाचं वर्चस्व दिसलं. ऑस्ट्रिओकॉकसच्या एका शाखेला किनारे मानवतात, दुसरीला उबदार खुला समुद्र, आणि टॉरी स्वतः मात्र खुल्या समुद्रात क्वचितच भेटतो. त्याला सरोवरं आणि किनाऱ्यालगतचं पाणीच प्रिय. पण ही पद्धत म्हणजे दारावरच्या पाटीवर नुसतं ‘जोशी’ वाचून आत कोण राहतं ते सांगण्यासारखं आहे. बॅथिकॉकस या तिसऱ्या भावाच्या दोन जाती आहेत. दोघांचं १८एस जनुक अक्षर न अक्षर सारखं, बाकीचा जीनोम मात्र इतका वेगळा की त्यांना एक जात म्हणणं अशक्य.

हे झालं जातीजातींमधलं वैविध्य. मला जास्त मोहवतो तो पुढचा प्रश्न. एकाच जातीत, एकाच किनाऱ्यावर, पेशी-पेशींत किती फरक असतो? आणि त्याहून गमतीचा प्रश्न म्हणजे या पेशी मीलन करतात का? प्रयोगशाळेत त्या वर्षानुवर्षं नुसत्या दुभंगत राहतात. नर-मादी दिसत नाहीत. पण त्या मीलन करतात याचा पुरावा डीएनएत आहे, आणि तो शोधायची युक्ती शाळकरी गणितापलीकडची नाही.

टॉरीच्या पेशीत प्रत्येक गुणसूत्राची एकच प्रत असते, आपल्यासारखी जोडी नसते. आता एका गुणसूत्रावरच्या दोन जागा घ्या. सुरुवातीला सगळ्या पेशींत पहिल्या जागी ‘ए’ आहे आणि दुसऱ्या जागी ‘सी’. एका पेशीत नक्कल करताना चूक झाली आणि ‘ए’चा ‘जी’ झाला. आता दोन घराणी झाली, ए-सी आणि जी-सी. पुढे केव्हातरी दुसऱ्या जागी ‘सी’चा ‘टी’ झाला. ही चूक एकाच पेशीत घडली, म्हणजे ती दोनांपैकी एकाच घराण्यात घडली. समजा, ती ए-सी घराण्यात घडली. तर आता ए-सी, जी-सी आणि ए-टी अशी तीन घराणी आहेत. नुसत्या दुभंगण्याने चौथं, जी-टी, कधीच तयार होणार नाही. जी-सीच्या लेकी जी-सीच राहणार आणि ए-टीच्या ए-टी.

तरीही चौथं घराणं सापडलं तर? दोन शक्यता आहेत. एक, नेमकी तीच चूक त्याच जागी पुन्हा घडली. सव्वा कोटी जागांमध्ये हे एखाद्या वेळी होईलही. दोन, जी-सी आणि ए-टी एकत्र आले, त्यांच्या गुणसूत्रांनी तुकड्यांची अदलाबदल केली आणि जी-टी जन्मला. म्हणजेच मीलन. यांतलं खरं कोणतं, हे दोन जागांमधलं अंतर सांगतं. चूक पुन्हा होताना शेजारची जागा जवळ आहे की दूर, याच्याशी तिचं काही देणंघेणं नसतं. अदलाबदलीचं तसं नाही. गुणसूत्र मध्येच कुठेतरी तुटून जोडलं जातं, त्यामुळे लांबच्या दोन जागांची ताटातूट सहज होते आणि चिकटून बसलेल्या जागा सहसा सोबतच राहतात. जागांच्या हजारो जोड्या घेऊन अंतर वाढेल तशी त्यांची सोबत कमी होताना दिसली, तर मीलन न पाहताही ते झालंय असं छातीठोक सांगता येतं.

२०१७ साली वायव्य भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवरचे आणि सरोवरांतले टॉरीचे १३ वाण वाचले गेले. मीलनाच्या खुणा जागोजागी मिळाल्या. एकमेकींशी जुळू शकणाऱ्या पेशींचे दोन गट ठरवणारा भागही सापडला. त्या भागात मात्र अदलाबदल जवळपास बंद असते, म्हणून त्याची दोन रूपं कधी मिसळली नाहीत. ती या सगळ्या भावंडांच्या जाती वेगळ्या होण्याआधीची असावीत. आणि फरक किती? नैसर्गिक निवडीचा दाब नसलेल्या, म्हणजे अक्षर बदललं तरी जिवाचं काही बिघडत नाही अशा जागांवर दोन वाणांमध्ये साधारण शंभर अक्षरांमागे एक. दोन माणसांमध्ये हजारामागे एक असतो, म्हणजे हे हिरवे ठिपके आपल्यापेक्षा दसपट वेगळे.

या फरकावरून त्यांची ‘परिणामी लोकसंख्या’ १.२ कोटी निघते. आकडा मोठा वाटतो, पण गजबजलेल्या किनारी पाण्यात अशा पेशी एका मिलिलीटरमध्ये हजारोंनी असतात. म्हणजे १.२ कोटी पेशी एका बादलीत मावतील! प्रत्यक्षात समुद्रात त्या कितीतरी पटींनी जास्त आहेत. हिशोब असा तोकडा येतो, कारण परिणामी लोकसंख्या म्हणजे डोकी नव्हेत. पुढच्या पिढ्यांत ज्यांचा वंश टिकला, त्यांच्याशी तिचा संबंध. बहर येतो, ओसरतो, बहुतेक वंश बुडतात, मूठभर उरतात आणि पुन्हा फोफावतात.

ते बुडवण्यात विषाणूंचा मोठा हात आहे. टॉरीचे विषाणू पेशीच्या मानाने अजस्र, रुंदी पेशीच्या सातव्या हिश्श्याएवढी. प्रयोगशाळेत एका चंबूत ते सोडले की हिरवं पाणी नितळ होतं. काही दिवस थांबलं तर पुन्हा हिरवं होऊ लागतं, कारण काही पेशी वाचलेल्या असतात आणि त्यांच्या लेकींनाही ते विषाणू मारू शकत नाहीत. या वाचलेल्यांत एकोणिसाव्या गुणसूत्राची लांबी बदललेली दिसते आणि त्याच्यावरची जनुकं जास्त कामाला लागलेली असतात. त्यांत शर्करेच्या साखळ्या जोडणारी जनुकंही आहेत. पेशीच्या पृष्ठभागावरच्या या साखळ्या बदलल्या की विषाणूला चिकटायला जागा मिळत नसावी.

निसर्गातल्या त्या १३ वाणांतही हेच दिसलं. ज्याचं एकोणिसावं गुणसूत्र लांब, तो जास्त विषाणूंना दाद देत नाही. मीलनाचे गट ठरवणारा तो भाग सोडला, तर बाकीची गुणसूत्रं वाणावाणांत ओळीने जुळतात, हे एकच जुळत नाही. एकेका वाणाच्या या गुणसूत्रावर ४४ हजारांपासून १ लाख ५६ हजार अक्षरांपर्यंतचा मजकूर असा आहे, जो फक्त त्याच वाणाचा आहे. २००६ साली वाचलेला जीनोम थो सरोवरातल्या एका वाणाचा होता. त्यातली इतर गुणसूत्रं जातीचा नमुना म्हणून चालतात. एकोणिसावं मात्र त्या वाणापुरतंच खरं आहे.