दारं धरणारं इंजिन

मोहोळकडचे आमचे मामा गेल्या महिन्यात पहिल्यांदाच मुंबईहून विमानानं सोलापूरला आले. होटगी रोडच्या विमानतळावरून घरी येईपर्यंत त्यांचा एकच विषय. "चाकं टेकली न टेकली तोच इंजिन असं काही ओरडलं की मी खुर्चीच घट्ट धरली. डायवरनं रिव्हर्स गिअर टाकला असणार बघ."

मामांचा अंदाज निम्मा बरोबर होता. जोर उलट दिशेनं लावला होता हे खरं, पण इंजिन उलटं फिरलेलं नसतं. मिनिटाला हजारो फेरे घेणारा तो पंखा आणि त्यामागची पात्यांची चक्रं थांबवून उलटी फिरवायची म्हटली, तर तोवर धावपट्टी संपून जाईल. इंजिन आधीसारखंच, त्याच दिशेनं फिरत राहतं. बदलतो तो फक्त हवेचा रस्ता.

मामांना हे समजावायला मला शेतातच जावं लागलं. रात्री लाइट आली की आपण मोटर चालू करून दारं धरतो. एका वाफ्याचं भरलं की पाटात मातीचा बांध घालायचा आणि बाजूचं तोंड फोडायचं. मोटर बंद करत नाही, पाण्याचा जोरही तोच असतो. पाणी मात्र वेगळ्या दिशेला पळतं. विमानाचं इंजिन उतरताना अगदी हेच करतं.

मुंबई-सोलापूर मार्गावर उडणाऱ्या एम्ब्रेअर ई-१७५ विमानाचं उदाहरण घेऊ. त्याच्या इंजिनात पुढून शिरणाऱ्या हवेचे सहा भाग केले, तर त्यातला साधारण एकच भाग इंधन जळतं त्या गाभ्यात जातो. उरलेले पाच भाग मोठा पंखा गाभ्याच्या बाहेरून, गोल पाटातून मागे ढकलतो. विमानाला पुढे नेणारा बराचसा जोर या थंड हवेचाच. चाकं टेकल्यावर पायलट एक दांडा ओढतो. इंजिनाच्या आवरणाचा मागचा भाग मागे सरकतो, आतली छोटी दारं पडून पाट बंद होतो आणि उघड्या पडलेल्या फटीतून हवा बाहेर निसटते. त्या फटीत वाकड्या पात्यांची जाळी बसवलेली असते. ती हवेला तिरकस पुढे वळवते. हवा पुढे फेकली की तिची प्रतिक्रिया विमानाला मागे ओढते. न्यूटनचा तिसरा नियम, बाकी काही नाही. हवा नेमकी समोर न जाता तिरकी जाते आणि गाभ्यातली गरम हवा तर मागेच सुटत राहते, त्यामुळे मिळणारा उलटा जोर उड्डाणाच्या जोराच्या निम्म्याहूनही कमी असतो. मामांनी ऐकलेली गर्जना दारं पडल्यानंतरची. रस्ता वळल्यावर पायलटनं इंजिनाचा जोर वाढवला, तो तो आवाज.

जुन्या बोइंग ७३७-२०० विमानांत इंजिनाच्या शेपटाशी दोन मोठी झडपं मिटत आणि सगळाच झोत अडवून पुढे फिरवत. ते खिडकीतून बघायला भारी वाटायचं.

आता खरी गंमत. विमान थांबवण्याचं मुख्य काम हे यंत्र करतच नाही, ते करतात चाकांचे ब्रेक. ३२ टनांचं विमान ताशी २३५ किलोमीटरनं टेकलं, तर त्याच्या अंगात ताशी ६० किलोमीटरनं धावणाऱ्या, १५ टनांच्या भरलेल्या बत्तीस-तेहतीस एसट्यांएवढी ऊर्जा असते. उन्हाळ्यात हवा विरळ होते, त्यामुळे विमानाला जमिनीच्या हिशेबानं जास्त वेगानं उतरावं लागतं. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या ४२ अंशांच्या दुपारी, डिसेंबरातल्या २० अंशांच्या सकाळपेक्षा ही ऊर्जा सुमारे ७ टक्के जास्त भरते. यातली बरीचशी ब्रेकमध्ये उष्णता होऊन जिरते. कोरड्या धावपट्टीवर थांबायला किती अंतर लागेल याचा प्रमाणित हिशेब मांडताना उलट्या जोराची मदत धरतही नाहीत.

त्याहून विचित्र म्हणजे, अनेक विमानांत स्वयंचलित ब्रेक असतात. वेग किती झपाट्यानं कमी करायचा हे पायलट आधीच ठरवून देतो. अशा वेळी उलटा जोर लावला की ब्रेक तेवढे सैल होतात. विमान थांबतं जवळपास तिथंच, ब्रेक मात्र कमी तापतात.

मग एवढा खटाटोप कशाला? सुरुवातीच्या काही सेकंदांसाठी. विमान नुकतं टेकलेलं असताना पंख अजून थोडा भार उचलून धरत असतात. पंखांवरच्या फळ्या उभ्या राहून तो भार चाकांवर टाकतात, तरी ब्रेकला पुरती पकड मिळायला क्षणभर जातो. उलट्या जोराला टायरच्या पकडीशी देणंघेणं नसतं. सप्टेंबरच्या परतीच्या पावसात धावपट्टीवर पाणी साचलं आणि चाकं घसरू लागली, तर याच जोराचा आधार. मात्र विमानाचा वेग ताशी ११० किलोमीटरच्या आसपास आला की हा जोर आवरता घेतात, नाहीतर पुढे फेकलेली हवा आणि तिनं उडवलेले खडे इंजिन परत गिळायचं.

हीच भीती एअरबस ए-३८०च्या रचनेत दिसते. चार इंजिनांपैकी फक्त आतल्या दोघांनाच ही सोय आहे, कारण बाहेरची दोन धावपट्टीच्या कडेपाशी लोंबतात, जिथं कचरा जास्त.

दारं जमिनीवरच उघडायला हवीत, हा धडा मात्र महाग पडला. २६ मे १९९१ रोजी लाउडा एअर या कंपनीचं बोइंग ७६७ बँकॉकहून निघाल्यावर वर चढत असताना एका इंजिनाचा रिव्हर्सर, म्हणजे उलटा जोर देणारी हीच यंत्रणा, हवेतच उघडला. विमानातले सर्व २२३ जण गेले. त्यानंतर या यंत्रणेला आणखी एक वेगळं कुलूप बसवलं गेलं.

"आणि गोव्याच्या विमानाला कुठं आलाय पाट?" मामांनी बरोबर पकडलं. जून २०२५ मध्ये सुरू झालेल्या सोलापूर-गोवा मार्गावर एटीआर ७२ येतं. त्याला बाहेर उघडा, सहा पात्यांचा पंखा असतो, वळवायला पाट नाहीच. तिथं पातीच आपल्या बुडाशी फिरतात. पंखा त्याच दिशेनं गरगरत राहतो, पण पात्यांचा तिरपेपणा उलटा होतो आणि मागे जाणारी हवा पुढे ढकलली जाते.

मामा उठले, छताचा पंखा बंद केला आणि खुर्चीवर चढून त्याचं पातं कुठून वाकवलंय ते बघू लागले.