कास्टिंगचा संच हाती आल्यावर: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

खोका उघडलात की आधी सगळे नग यादीशी ताडून घ्या. त्यानंतर निदान एक संपूर्ण दिवस लेथला हात लावू नका. तो दिवस मोजमाप आणि मार्किंगला द्या. आमच्याकडे बदलीसाठी येणारी बरीचशी कास्टिंगं (ओतीव भाग) चांगलीच ओतलेली असतात, पहिल्याच कटात ती वाया गेलेली असतात, म्हणून ही विनंती.

या संचातून २५ मिमी बोअर आणि ५० मिमी स्ट्रोकचं, एका सिलिंडरचं आडवं वाफेचं इंजिन तयार होतं. फ्लायव्हील १५० मिमीचं आहे. बेडप्लेट, सिलिंडर आणि फ्लायव्हील बिडाचे, बेअरिंगं गनमेटलची. गुऱ्हाळाचे चरक आणि शेतावरची ऑइल इंजिनं दुरुस्त करता करता आमच्या कोल्हापूरचं ओतकाम वाढलं, आणि हा लहानसा संचही त्याच पद्धतीनं, वाळूच्या साच्यात हातानं ओतलेला आहे.

गोल सळई लेथच्या तीन जबड्यांच्या चकात (भाग पकडणाऱ्या साधनात) धरली की तिचा मध्य आपोआप मिळतो. कास्टिंगचा मिळत नाही. मोल्डिंगच्या वेळी वरची पेटी खालच्या पेटीवर केसभर सरकते, कोअर, म्हणजे भोक राहावं म्हणून साच्यात ठेवलेला वाळूचा गाभा, थोडा वर उचलला जातो. बीड थंड होताना १०० मिमीला साधारण १ मिमी आकसतं, पण सगळीकडे सारखं नाही. म्हणून जिथे मशीनिंग होणार तिथे आम्ही २ ते ३ मिमी माल जादा ठेवतो. हा माल सगळ्या बाजूंनी सारखा काढायचा असतो असं समजू नका. एका बाजूला १ मिमी आणि समोरच्या बाजूला ३ मिमी निघाला तरी भाग अगदी बरोबर असू शकतो.

मार्किंगआधी वायर ब्रश मारा आणि पार्टिंग लाइनचा, म्हणजे दोन पेट्यांच्या सांध्याचा, उंचवटा जुन्या कानशीनं काढा. चिकटलेली वाळू नव्या कानशीचे दात खाऊन टाकते. मग कास्टिंगवर खडू घासा. मोजमापासाठीची सपाट सरफेस प्लेट नसेल तर १२ मिमी जाडीची सपाट काच चालते. सिलिंडरच्या कोअरच्या भोकात दोन्ही टोकांना लाकडी गुटका ठोकून बसवा म्हणजे मध्यबिंदू काढायला जागा मिळेल. हा मध्य भोकावरून काढू नका. सिलिंडरच्या बाहेरच्या, कच्च्याच राहणाऱ्या अंगावरून काढा. भोक तर बोअरिंगमध्ये नाहीसंच होणार आहे, बाहेरचं अंग मात्र कायम दिसणार आहे. सगळ्या रेषा ओढून झाल्या की प्रत्येक बाजूला किती माल निघतो ते लिहून काढा. कुठे माल कमी पडत असेल तर ते आत्ताच कळेल आणि कास्टिंग न कापता आम्हाला परत पाठवता येईल.

बिडाची वरची साल कडक असते आणि तिच्यात वाळूचे कण रुतलेले असतात. नवशिका माणूस घाबरून पाव मिलिमीटरचा कट घेतो, टूलचं टोक त्या सालीवर घासत राहतं आणि दोन मिनिटांत बोथट होतं. पहिला कट सालीच्या खालून गेला पाहिजे, म्हणजे १ ते दीड मिमी खोल. वेग कमी ठेवा. एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलला बिडावर मिनिटाला साधारण २० मीटर वेग पुरे. या हिशेबानं २५ मिमीच्या बोअरला सुमारे २५० आरपीएम येतात, पण १५० मिमीच्या फ्लायव्हीलला फक्त ४२. बऱ्याच लहान लेथना इतकं हळू फिरताच येत नाही. तुमच्या लेथचा सगळ्यात कमी वेग १०० च्या आसपास असेल तर फ्लायव्हीलच्या कडेला मिनिटाला ४७ मीटर वेग होतो. तिथे कार्बाइड टिपच लावा, एचएसएस तग धरणार नाही. पातळ कडेला कधी काचेसारखा चकचकीत, टूल घसरवणारा ठिपका लागतो. तो चिल, म्हणजे भराभर थंड झाल्यामुळे तिथलं बीड पांढरं आणि कठीण झालेलं असतं. जोर लावू नका, कास्टिंग आमच्याकडे पाठवा. भट्टीत तापवून हळूहळू निववलं की ते मऊ होतं.

बीड कोरडंच कापायचं. त्याची काळी भुकटी तेलात मिसळली की पॉलिश पेस्टसारखी लेथचा बेड झिजवते. बेडवर वर्तमानपत्र अंथरा, तोंडाला मास्क लावा. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून भुकटी उचला, पिशवी उलटी केली की सगळी भुकटी आत राहते.

सिलिंडर फोर जॉ चकात (चारही जबडे वेगवेगळे सरकणाऱ्या चकात) धरा. बोअर आणि एका टोकाचा फेस (सपाट बाजू) एकाच सेटिंगमध्ये झाला पाहिजे. तरच ते एकमेकांशी काटकोनात येतात, नंतर कितीही डायल (सूक्ष्म फरक दाखवणारं मापक) लावला तरी ती अचूकता मिळत नाही. बोअरिंग बार शक्य तितका जाड आणि आखूड घ्या. शेवटच्या मापाला आल्यावर कट न वाढवता तोच बार आणखी दोन वेळा आतून फिरवा, वाकलेला बार सरळ होताना उरलेला माल काढतो. दुसरा फेस सिलिंडर मँड्रेलवर (बोअरमध्ये घट्ट बसणाऱ्या दांड्यावर) चढवून करा. व्हॉल्व्हचा फेस सर्वांत शेवटी, बोअरवरून माप घेऊन.

आता फ्लायव्हील. या एका भागावर आम्हाला सगळ्यात जास्त फोन येतात. बहुतेक जण रिमच्या बाहेरच्या बाजूवर डायल लावून ते सेट करतात. पण बाहेरची बाजू तर कापली जाणारच आहे, ती आपोआप खरी होते. रिमचा आतला कच्चा काठ आणि आरे मात्र तसेच राहतात. ते हलत असतील तर इंजिन फिरताना चाक डुगडुगतंय असंच नजरेला दिसतं, मग बोअर कितीही अचूक असो. म्हणून टूलपोस्टला एक तार बांधा, तिचं टोक आतल्या काठाजवळ आणा, चक हातानं फिरवा आणि फट सगळीकडे सारखी दिसेपर्यंत जॉ सरकवत राहा. याला अर्धा तास लागला तरी लागू द्या. मग रिमची बाहेरची बाजू, एक फेस आणि मधलं भोक, सगळं त्याच सेटिंगमध्ये उरका.

साल निघाली की आतले ताण मोकळे होतात आणि लांब भाग थोडा वाकतो. म्हणून बेडप्लेट आधी अर्धा मिमी जादा ठेवून रफ करा, चार-पाच दिवस तशीच राहू द्या, मगच फिनिश कट घ्या.

इंजिन जोडल्यावर पहिल्यांदा ते कॉम्प्रेसरच्या हवेवर, १ ते २ बार दाबानं चालवा. घरी बनवलेला बॉयलर लावू नका. बॉयलरचा संच आम्ही विकत नाही आणि त्याबद्दल सल्लाही देत नाही.

कापताना ब्लो होल (ओतताना वायू अडकून राहिलेली पोकळी) उघडला तर तो कुठे आहे ते बघा. बेडप्लेटच्या खालच्या बाजूला असेल तर बुजवून रंग द्या, काही बिघडत नाही. बोअरमध्ये किंवा व्हॉल्व्हच्या फेसवर असेल तर बुजवू नका. ते कास्टिंग, अर्धं मशीन झालेलं असलं तरीही, परत पाठवा. दुसरं आम्ही पैसे न घेता देतो. सोबत कुठल्या बाजूनं किती माल काढला तो तुमचा कागद जोडा, पॅटर्नमध्ये (साचा बनवायच्या नमुन्यात) दुरुस्ती करायला तो आम्हाला लागतो.